काळ्या वायरीपाशी थोडा वेळ

बसा.

पिकअपच्या मागे, दोन-अडीच हातांवर, एखादा पालथा डबा मिळेल, फळकुट मिळेल, त्यावर बसा. जमिनीवर बसलात तरी चालेल. माती कोरडी आहे, कपडे झटकले की निघते.

संध्याकाळ उतरते आहे. शेडच्या पत्र्यावर उजेड जेमतेम टिकून आहे.

शेजारी माग चालू आहेत. खट-खट, खट-खट. ते बंद होण्याची वाट बघू नका. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी शेजारच्या इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. तेव्हापासून हा आवाज वाढत गेला आणि हळूहळू इथे, कबनूरच्या गल्ल्यांतही शिरला. इथल्या माणसाला तो ऐकू येत नाही. थांबला, तरच ऐकू येतो.

आवाज त्याच्या जागी राहू दे. तुम्ही तुमच्या जागी राहा.

एक श्वास घ्या. सोडा.

आता गाडीकडे बघा.

नवी आहे. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. बंपरला पूजेच्या हाराचा दोरा तेवढा उरला आहे. पुढच्या काचेवर जोतिबाचं नाव. सायझिंगहून आणलेली, सूत गुंडाळलेली बिमं उतरवून झाली आहेत आणि हौद्याच्या तळाशी सुताची तूस पडली आहे, पांढरी, हलकी. वाऱ्याने ती एका कोपऱ्यात जाते. वारा पडला की तिथेच राहते.

दीड-दोन टन माल उचलणारी गाडी. तिचा उजवा मागचा दिवा नीट लागत नाही.

ड्रायव्हरकडे आणखीही सांगण्यासारखं आहे. दोन दिवस उभी राहिली की सकाळी सेल्फ घेत नाही. डॅशबोर्डवर पिवळा दिवा येतो आणि आपोआप जातो. उजवा इंडिकेटर घाईघाईने टिकटिकतो. कुणी म्हणालं, चिप गेली. कुणी म्हणालं, बॅटरीच खराब लागली, बदलून माग. कुणी म्हणालं, बीएस सिक्स म्हटल्यावर हे असंच चालायचं.

ही सगळी वाक्यं ऐकून घ्या आणि बाजूला ठेवा.

अजून काही उघडू नका. काही बदलू नका.

नुसतं बघा.

*

बॉनेट वर केलेलं आहे. बॅटरीजवळ जा. हात मागे ठेवा.

काळा, चौकोनी डबा. आत सहा घरं. एका घराचे साधारण २.१ व्होल्ट, सहांचे मिळून १२.६. शिशाचे पत्रे आणि पातळ केलेलं गंधकाम्ल. फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये पुन्हा पुन्हा भरता येणारी अशी बॅटरी पहिल्यांदा केली. गाडीत आज पडदे आले, कॅमेरे आले. या डब्यातलं शिसं मात्र तेच आहे.

वायरमन मामा मीटर लावतात. गाडी आत्ताच फिरून आली आहे, त्यामुळे पहिला आकडा जरा फुगलेला येतो. मामा हेडलाइट थोडा वेळ लावतात, बंद करतात, आणि काहीही न करता उभे राहतात.

तुम्हीही उभे राहा.

आकडा हळूहळू खाली येतो. शेवटच्या अंकाशी जरा चुळबुळ करतो. १२.४ वर थांबतो.

थोडा कमी आहे. वाईट नाही. लक्षात ठेवा.

आता ड्रायव्हर सेल्फ मारतो. मीटरवरून नजर काढू नका. आकडा एकदम दहाच्या जरा वर कोसळतो, इंजिन धरतं, आणि आकडा चढत चढत १४.२ ला जातो. सेल्फच्या त्या क्षणी तो दहाच्या बराच खाली गेला असता, तर बॅटरीवर संशय घ्यायला जागा होती. इंजिन चालू असताना तेराच्या आसपासच घुटमळला असता, तर डायनामोवर. अल्टरनेटर म्हणा हवं तर. गॅरेजात त्याला डायनामोच म्हणतात.

दोन्हीकडे तसं काही नाही.

इंजिन बंद करा. आवाज विरू द्या. मागांचा परत वर येईल.

श्वास घ्या. सोडा.

*

चावी एक घर फिरवा. सेल्फ मारू नका.

डॅशबोर्डवर सगळे दिवे एकदम लागतात. लाल, पिवळे, हिरवे. कुठल्याशा रिलेचा टक असा आवाज येतो. मग एकेक दिवा मालवतो. गाडी स्वतःला विचारून घेते आहे.

इथे घाई होते. माणूस दिवे जाण्याची वाट बघतो आणि ते लागताना बघत नाही. लागण्यापासून बघा. लागायलाच हवा असा एखादा दिवा लागलाच नाही, तर तोही निरोप आहे.

स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा सॉकेट आहे. तिथे स्कॅनर लावला की कोड येतात. १ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे नियम, बीएस सिक्स, आले आणि एप्रिल २०२३ पासून त्यांचा दुसरा टप्पा. गाडी आता चालता चालता स्वतःच्या धुरावर लक्ष ठेवते. त्यासाठी सेन्सर वाढले, ईसीयू म्हणजे गाडीतले छोटे संगणक वाढले, वायरी वाढल्या, वायरी जोडणारे कपलर वाढले. कपलर वाढले म्हणजे सैल होण्याच्या जागाही वाढल्या.

मामा स्कॅनर लावतात. कोड येतो: व्होल्टेज कमी. आत्ताचा नाही, मागचा, साठवून ठेवलेला.

कोड ही गाडीची तक्रार आहे. निदान माणसाला करावं लागतं. "व्होल्टेज कमी" वाचून सेन्सर मागवणारे पुष्कळ भेटतात, आणि नवा सेन्सर लावूनही दिवा परत येतो तेव्हा गाडीला नावं ठेवतात.

मामा कोड एका जुन्या डायरीत लिहून घेतात. पुसत नाहीत. तुम्हीही पुसू नका.

मागे या. डब्यावर बसा.

*

अंधार पडला आहे. हे बरं झालं. जे बघायचं आहे ते उजेडात दिसलं नसतं.

गाडीचे सगळे दिवे बंद आहेत. क्लीनर पोरगा आत बसला आहे.

"दाब रे ब्रेक."

तो दाबतो.

डावीकडे बघा. लाल, भरलेला, स्वच्छ उजेड. मागच्या भिंतीवर पडलेला.

उजवीकडे बघा. लाल आहे, पण थकलेला. भिंतीपर्यंत पोचत नाही.

तिथेच थांबा. त्या उजव्या दिव्यावर नजर ठेवा आणि अजून काही सापडतंय का बघा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. तो वेळ द्या.

ब्रेकच्या लाल काचेशेजारी पिवळी काच आहे, इंडिकेटरची. इंडिकेटर कुणी लावलेला नाही.

तरी ती पिवळी काच आतून किंचित तांबूस दिसते.

आहे, की वाटतंय?

"सोड."

तांबूसपणा जातो.

"दाब."

येतो.

उठा. आवाज न करता गाडीच्या उजव्या अंगाने पुढे जा. पुढचा इंडिकेटर बघा. तळहाताची सावली करा आणि आत डोकवा. तिथेही, बल्बातल्या तारेवर, राखेखालच्या निखाऱ्याएवढी लाली आहे.

ब्रेक दाबलाय. पुढचा इंडिकेटर लागलाय. थोडासाच.

ड्रायव्हर म्हणतो, "मामा, नवी गाडी हाय वं."

"व्हय. दिसायलंय की."

*

आता डोळे मिटले तरी चालतील.

दिवा लागायला करंट यावा लागतो, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून दिवा लागला नाही की आपण येणारी वायर बघतो. फ्यूज बघतो. बल्ब हलवून बघतो. येतंय का, येतंय का, हाच प्रश्न.

आलेल्याला परत जावं लागतं.

बॅटरीच्या एका टोकापासून निघून दिव्यातून होऊन दुसऱ्या टोकाला पोचणं, एवढं पुरं झालं तरच दिवा लागतो. मोटारीत परत जाण्यासाठी प्रत्येक दिव्याला वेगळी लांब वायर देत नाहीत. दिव्यापासून एक आखूड काळी वायर निघते, जवळच्या लोखंडाला बोल्टने आवळलेली असते, आणि पुढचं काम चासी करते. लोखंड तांब्याएवढं चांगलं वाहक नाही, पण चासी इतकी जाड आहे की दिव्याच्या करंटला तिचा अडथळा जाणवतही नाही. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनलही त्याच चासीला बांधलेलं असतं. वायरमन याला अर्थ म्हणतात.

सगळी गाडी म्हणजे एक परतीची वाट आहे. तुम्ही हौद्याला हात लावता, तो त्या वाटेला लावता.

मनात ती वाट बघा. पुढून मागे येणारी लाल वायर. दिवा. दिव्यामागे काळी वायर, वीतभर. तिच्या टोकाला एक बोल्ट. मग लोखंड, लोखंड, लोखंड. पुढे बॅटरी.

त्या बोल्टापाशी वाट अडली, तर?

मागच्या बल्बात दोन तारा असतात. एक ५ वॅटची, पार्किंगची. एक २१ वॅटची, ब्रेकची. ब्रेकच्या तारेतून पावणेदोन अँपिअर जायचे असतात. ते दिव्यात शिरतात, पलीकडे निघतात, आणि दार बंद सापडतं. त्याच काळ्या वायरीवर शेजारच्या इंडिकेटरची तारही बांधलेली आहे. मग करंट तिच्यातून उलटा शिरतो, इंडिकेटरच्या वायरीने थेट पुढे जातो, पुढच्या बल्बातून निघतो आणि पुढच्या अर्थवर उतरतो.

म्हणून ती लाली.

बल्ब वाईट नाहीत. फ्यूज उडालेला नाही. चिप शाबूत आहे. करंट घरी जायला वाट शोधतो आहे आणि दुसऱ्याच्या घरातून निघतो आहे.

यात एक गंमत आहे. इलेक्ट्रॉन खरे निघतात ते निगेटिव्हकडून. म्हणजे आपण ज्याला परतीची वाट म्हणतो, ती त्यांची जाण्याची. करंट प्लसकडून निघतो हा संकेत आधी ठरला. इलेक्ट्रॉन सापडला तो १८९७ मध्ये. तोवर सगळ्या आकृत्या काढून झाल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

आणि ते इलेक्ट्रॉन किती सावकाश सरकतात! दिव्याच्या वायरीत, एवढ्या करंटला, एका सेकंदात मिलिमीटरचा दहावा हिस्साही नाही. एक मीटर जायला तीनेक तास. पोरगा ब्रेक दाबतो आणि दिवा लगेच लागतो, कारण वायरभर ते आधीच भरलेले असतात आणि सगळे एकदम हलतात.

त्या काळ्या वायरीत, आत्ता, इतकं सावकाश काहीतरी सरकू बघतं आहे.

त्याच्यासोबत एक श्वास घ्या.

सोडा.

*

मामा बॅटरीच्या निगेटिव्हला एक लांब वायर चिमट्याने लावतात आणि ती हौद्याखालून मागे आणतात. मीटरची एक सुई तिला. दुसरी, उजव्या दिव्याच्या काळ्या वायरीला, कपलरच्या मागच्या बाजूने, अलगद. वायरीचं कातडं टोचायचं नाही. टोचलेल्या जागेतून पाणी शिरतं आणि दोन पावसाळ्यांत आतलं तांबं हिरवं होऊन तुटतं.

"दाब."

काळी वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह. दोन्ही एकच असायला हवीत. मीटरवर जवळजवळ शून्य यायला हवं, ०.१ च्या आत.

बघा.

४.३.

पुन्हा.

"सोड. दाब."

४.३.

बाराचे चार व्होल्ट एका जागी अडकले आहेत. बल्बाला मिळायचे ते बोल्टापाशी खर्च होत आहेत. दिवा का थकला ते आता कुणी सांगायला नको.

मागावर धागा तुटला की कामगार आधी माग थांबवतो, मग वाकून तुटलेलं टोक शोधतो. चालू मागावर कुणी हात घालत नाही. मामाही तसेच ब्रेक सोडायला सांगतात, चावी काढून घेतात आणि टॉर्च घेऊन हौद्याखाली वाकतात.

तुम्हीही वाका.

काळी वायर. तिच्यावर बोट न टेकता नजरेने चाला. ती कपलरातून निघते, एका पट्टीखालून जाते, चासीच्या आडव्या पट्टीवर येते. टोकाला थिंबल, धातूची कडी. थिंबलवर बोल्ट.

बोल्टावर टॉर्च धरा. इथे थांबू.

बोल्ट नवा आहे. गंज नाही. घट्टही दिसतो. थिंबलभोवती काळा रंग आहे, गुळगुळीत, छान मारलेला. थिंबलच्या कडेवर रंगाचा एक ओघळ येऊन सुकला आहे.

तो ओघळ बघा.

कंपनीच्या रंगाला ओघळ नसतो. हा नंतरचा आहे. गाडी घेतल्यावर हौदा उंच करून घेतला होता, कडेला जाळी वेल्ड केली होती, मागचे दिवे चार बोटं सरकवले होते. तेव्हा बोल्ट निघाला, पट्टीवर रंग बसला, आणि रंगावर थिंबल ठेवून बोल्ट परत आवळला. आवळणाऱ्याने चांगला घट्ट आवळला. रंगातून करंट जात नाही, एवढंच. बोल्टाच्या आट्यांतून थोडा जात होता, तेवढ्यावर दिवा मिणमिणत होता.

ड्रायव्हर पुन्हा म्हणतो, "पण नवी गाडी हाय."

"नवी हाय म्हणूनच," मामा म्हणतात. "जुन्या गाडीचं लोखंड दिसतंय. नव्या गाडीला रंग असतोय."

*

दहा नंबरचा पाना.

बोल्ट सुटतो. थिंबल वर उचला आणि खालची जागा बघा. नाण्याएवढा काळा, चकचकीत गोल.

पॉलिश पेपर घ्या. हे काम सावकाश करा. एकाच दिशेने, हलक्या हाताने.

घास.

घास.

काळं जातं. खालून करडं अस्तर येतं. अजून घासा. करडंही जातं. मग लोखंड दिसतं, पांढरट, टॉर्चच्या उजेडात जरा ओलं वाटणारं. त्याच्यावर बारीक रेघा. बोटाने पुसा. थंड लागतं.

हीच ती जागा. सगळ्या करंटला उतरायला एवढीच जागा हवी होती.

थिंबलची खालची बाजूही घासा. दातेरी वॉशर घाला, म्हणजे त्याचे दात लोखंडात रुततील. बोल्ट आवळा. वरून ग्रीसचं बोट फिरवा, म्हणजे पाऊस लागणार नाही. ग्रीस वरून. आधी धातूला धातू भिडू द्या.

उभे राहा. कमरेवर हात ठेवा, सरळ व्हा.

"दाब."

०.०३.

आणि आता मीटर सोडून दिव्याकडे बघा.

भिंतीवर दोन लाल उजेड आहेत. सारखे. मधे त्यांच्या कडा एकमेकींत मिसळतात.

पिवळी काच काळी आहे.

इंडिकेटर लावा. टिक. टिक. टिक. घाई गेली.

*

अजून निघू नका. बॅटरीचे ते १२.४ राहिलेत.

आता जे करायचं त्यात करण्यासारखं काहीच नाही. म्हणून ते अवघड जातं.

बॉनेट उघडंच ठेवलं आहे. ड्रायव्हरचं दार उघडं आहे, पण त्याच्या कडीत स्क्रू-ड्रायव्हरने खटका पाडला आहे, म्हणजे गाडीला दार लागल्यासारखं वाटेल. चावी लांब, मामांच्या खिशात. बॅटरीची काळी केबल सोडून तिच्या आणि टर्मिनलच्या मधे मीटर जोडला आहे, अँपिअरवर. आता गाडीतून जे काही जाईल ते मीटरमधून जाईल. अशा वेळी सेल्फ मारायचा नाही, हेडलाइट लावायचा नाही, मीटर जळतो.

आणि वाट बघायची. गाडी झोपेपर्यंत.

नव्या गाड्या चावी काढल्याबरोबर झोपत नाहीत. एकेक ईसीयू आपलं काम आवरतो, शेजारच्याला निरोप देतो, मग गप्प होतो. निरोप दोन वायरींवरून जातात, एकमेकींभोवती पीळ दिलेल्या. ही पद्धत बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडली. त्या पिळाच्या वायरींना कुणी जोड देऊ नये, टेस्ट लॅम्प लावू नये. त्यांना त्यांचं बोलू द्यावं.

मीटर बघा.

३.१.

माग चालू आहेत. रस्त्यावरून हातकणंगल्याकडे एक ट्रक जातो. त्याचा आवाज लांबवर पातळ होतो.

०.९.

कुणी बोलू नका. ड्रायव्हर मोबाइल काढतो आणि परत खिशात ठेवतो.

श्वास घ्या. सोडा. गाडीपेक्षा सावकाश झालात तर उत्तम.

०.४४.

आता थांबेल असं वाटतं, पण अजून थांबा. काही गाड्या पाच-दहा मिनिटांत झोपतात, काहींना अर्धा तास लागतो. ०.०५ च्या आत यायला हवा.

०.४४.

०.४४.

हलत नाही. कुणीतरी जागं आहे.

इथे सगळेजण फ्यूज उपटायला लागतात. उपटू नका, एका फ्यूजने झोपलेले चार ईसीयू परत उठतात आणि सगळी वाट पहिल्यापासून बघावी लागते. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात. दुसरा मीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्या ठिपक्यांना टेकवा. करंट जात असेल तर आकडा येतो. लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा विसाचा, हिरवा तिसाचा. मामा एकेकाला टेकवत जातात.

शून्य. शून्य. शून्य.

फ्यूज बॉक्समधून काहीच जात नाही. मग ०.४४ कुठून?

मान वर करा.

केबिनकडे बघा. अंधारात तिथे निळसर उजेड आहे. आपण बसल्यापासून तो आहे. डॅशबोर्डवर जोतिबाची फ्रेम, आणि तिच्यामागे एलईडीची पट्टी, रात्रंदिवस लावलेली.

तिची बारीक लाल वायर खालून येते, बॉनेटमध्ये शिरते आणि बॅटरीच्या प्लसला नुसती पिळून बांधली आहे. मधे फ्यूज नाही. चावीशी संबंध नाही.

०.४४ म्हणजे दिवसाला दहा अँपिअर-तास. बॅटरी सत्तर-ऐंशीची. दोन दिवस गाडी उभी राहिली की तिच्यातले वीस गेलेले असतात. पहाटेच्या गारठ्यात सेल्फ घ्यायला मग जोर राहत नाही, व्होल्टेज पडतं, गाडी कोड साठवते आणि पिवळा दिवा लावते.

मामा ती वायर सोडतात. निळा उजेड मालवतो.

०.०३.

ड्रायव्हर जरा चाचरतो. देवाचा दिवा आहे.

"देवाला दिवा पायजेच की," मामा म्हणतात. "चावीतनं दे. आणि मधी फ्यूज घाल. रात्री देवबी झोपतोय."

*

बसायचा डबा जागेवर ठेवा. काळी केबल परत लावा, टर्मिनल हाताने हलवून बघा, हलता कामा नये.

गाडी वॉरंटीत असेल आणि हे सगळं स्वतः करायचं नसेल, तर नका करू. अधिकृत वर्कशॉपला न्या, पण जॉब कार्डवर "इलेक्ट्रिकल प्रॉब्लेम" एवढंच लिहून येऊ नका. काय दाबल्यावर काय लागतं, गाडी किती वेळ उभी होती, कोणता दिवा कधी आला, नंतर काय काय बसवून घेतलं, हे लिहा. मूळ वायरिंग कापून जोड दिला की त्या भागाची वॉरंटी नाकारायला कंपनीला कारण मिळतं. एलईडी, हॉर्न, टेप, जे बसवायचं ते आधी विचारून, फ्यूज घालून बसवा.

आणि हौद्याला वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडा. वेल्डिंगचा करंट शंभर अँपिअरच्या वर असतो आणि त्यालाही परत जायला हीच चासी मिळते. वाटेत ईसीयू सापडला तर तो त्याच्यातून जातो. वेल्डिंगचा अर्थचा चिमटा जिथे जोड मारायचा त्याच्या अगदी जवळ लावायला सांगा, आणि काम झाल्यावर रंग मारायच्या आधी मागच्या दिव्यांचे बोल्ट स्वतः बघा. वेल्डर म्हणेल, काय हुत न्हाई मालक, रोज करतोय. तरीही टर्मिनल सोडा.